आधी सभा, मग सिनेमा : दोन महायुद्धांमधले फ्रेंच कम्युनिस्ट आणि त्यांचे माहितीपट

माहितीपट शिकणाऱ्या एका मुलीने विचारलंय : पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धाच्या मधल्या काळात फ्रेंच कम्युनिस्टांनी जे राजकीय माहितीपट काढले, ते सिनेमा म्हणून बघायचे की पक्षाची पत्रकं म्हणून? आणि सेन्सॉर आडवा असताना ते लोकांपर्यंत पोचले तरी कसे?

मी दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्याच्या पोटात आहे. तीसेक वर्षं संकलनाच्या टेबलावर काढल्यावर एक खोड लागते. कुठलीही फिल्म पाहिली की आधी वाटतं, ही कुठल्या खोलीत, किती माणसांपुढे दाखवायची म्हणून कापली असेल? टीव्हीसाठी कापलेली फिल्म वेगळी, महोत्सवासाठी कापलेली वेगळी, चाळीच्या गच्चीवर चादर बांधून दाखवायची वेगळी. या फ्रेंच फिल्म्सचं सगळं गुपित या एका प्रश्नात सापडतं. त्या थिएटरसाठी काढलेल्याच नव्हत्या. त्या सभेसाठी काढलेल्या होत्या.

पण आधी एक गैरसमज दूर करू. फ्रेंच कम्युनिस्ट पक्ष डिसेंबर १९२०मध्ये तूर इथल्या अधिवेशनात जन्माला आला, आणि त्यानंतरची जवळजवळ पंधरा वर्षं त्याने स्वतःच्या म्हणाव्यात अशा फिल्म्स फारच थोड्या काढल्या. मोर्चांची, जत्रांची थोडी चित्रणं झाली, तेवढीच. या काळात पक्षाच्या माणसांनी सिनेमात जे काम केलं ते दोन प्रकारचं : लिहिणं आणि दाखवणं. लिहिणारा मुख्य माणूस लेओं मूसिनाक. पक्षाच्या 'ल्युमानिते' या दैनिकाचा तो चित्रपट समीक्षक. त्याच्यावर एक खटला झाला, आणि तो खटला प्रत्येक समीक्षकाला माहीत असायला हवा. 'जिम ल आर्पोनर' या नावाने फ्रान्समध्ये आलेल्या एका अमेरिकन चित्रपटाची त्याने सालटी काढली. वितरण करणाऱ्या कंपनीचा मालक ज्याँ सापेन म्हणजे सिनेमाच्या धंद्यातलं आणि वृत्तपत्रांच्या दुनियेतलं बडं प्रस्थ. त्याने नुकसानभरपाईचा दावा लावला. १९२८मध्ये मूसिनाक हरला, अपिलात १९३०मध्ये जिंकला. चित्रपटावर वाईट लिहिण्याचा हक्क नाटकावर किंवा पुस्तकावर वाईट लिहिण्याच्या हक्काइतकाच पक्का आहे, हे फ्रान्समध्ये त्या निकालाने ठरलं. तोवर बहुतेक वृत्तपत्रांतली समीक्षा म्हणजे जाहिरातीची धाकटी बहीण होती.

आता दाखवण्याबद्दल. फ्रान्समध्ये १९१९पासून प्रत्येक चित्रपटाला सरकारी परवाना लागे. त्यांचा शब्दच 'व्हिसा', जणू फिल्म परदेशातून येते आहे. तो मिळाला तरी गावचा महापौर किंवा पोलीसप्रमुख 'शांतताभंग होईल' म्हणून खेळ थांबवू शकत असे. पण यात एक फट होती : व्हिसा जाहीर खेळाला लागे, सभासदांपुरत्या खाजगी खेळाला नाही. आपल्याकडच्या फिल्म सोसायटीवाल्यांना ही फट वेगळी समजावून सांगायला नको. रशियन दिग्दर्शक आयझेनस्टाइनचा 'बॅटलशिप पोटेमकिन' पॅरिसमध्ये पहिल्यांदा नोव्हेंबर १९२६मध्ये अशाच एका सिने-क्लबमध्ये दाखवला गेला. हॉलमध्ये लेखक, चित्रकार, दिग्दर्शक, शहरातली चोखंदळ मंडळी. जाहीर खेळावर मात्र बंदी, आणि ती दुसरं महायुद्ध संपल्यावरही कित्येक वर्षं उठली नाही. म्हणजे बंडखोर खलाशांची गोष्ट पाहायची मुभा होती, पण ती पाहणारा खलाशी नसेल तर.

हा विनोद मूसिनाकला आणि त्याच्या सोबत्यांना खुपला. त्यांनी १९२८मध्ये 'लेझ आमी द स्पार्ताक्युस', म्हणजे 'स्पार्टाकसचे मित्र' नावाची संस्था काढली. सोबत दिग्दर्शक ज्याँ लोद्स, चित्रकार आणि सजावटकार फ्रान्सिस जुर्दँ, पक्षाचा नेता आणि लेखक पॉल वायाँ-कुत्युरिए. युक्ती तीच, सभासदत्वाची. फक्त माप बदललं. वर्गणी कामगाराला परवडेल इतकी ठेवली आणि खेळ लावले कामगार वस्त्यांत : ग्रनेलच्या कासिनो हॉलमध्ये, बेलव्हिलमधल्या 'ला बेलव्हिल्वाझ' या कामगार सहकारी संस्थेच्या सभागृहात. 'पोटेमकिन', रशियाच्याच पुदोव्हकिनचा 'मदर' हे तिथे हजारो लोकांनी पाहिले. काही महिन्यांत सभासद इतके वाढले की सिने-क्लब ही श्रीमंतांची हौस आहे हा समजच मोडला.

आणि तिथेच पोलीस आले. पॅरिसचा पोलीसप्रमुख ज्याँ किआप याच्याकडे कायद्याने बंदी घालण्यासारखं फारसं काही नव्हतं. मग त्याने तोंडी मार्ग काढला : खेळ चालू राहिले तर दंगा होईल आणि जबाबदारी तुमच्यावर येईल, असं चालकांना बजावलं. वर्ष संपायच्या आत संस्था बंद. हाच किआप पुढे १९३०च्या फेब्रुवारीत सॉर्बोन विद्यापीठातला आयझेनस्टाइनच्या चित्रपटाचा खेळ थांबवणार होता. (आयझेनस्टाइनने मग नुसतं भाषण केलं आणि सभा जिंकली. माझ्या मते फिल्म दाखवली असती तर एवढी गाजली नसती.) किआपचं नाव लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

'स्पार्टाकसचे मित्र' यांनी एकही मोठी फिल्म काढली नाही. तरी मी त्यांना या गोष्टीच्या मध्यभागी ठेवतो, कारण त्यांनी प्रेक्षक काढला. वर्गणी भरणारा, खुर्च्या लावणारा, तिकिटं नव्हे तर सभासदपत्रं तपासणारा, फिल्म संपल्यावर उठून न जाता वाद घालणारा प्रेक्षक. आपण माहितीपटवाले आधी फिल्म करतो आणि मग ती घेऊन दारोदार हिंडतो. यांचा क्रम उलटा होता.

मधल्या काळात, १९२९-३०च्या सुमारास, बोलपट आला आणि गरिबाच्या सिनेमाची कंबर मोडली. मूकपट कोणीही हौशी माणूस एका कॅमेऱ्यावर काढू शकत होता. ध्वनीला यंत्रं लागली, स्टुडिओ लागला, पेटंटवाल्या कंपन्यांना पैसे द्यावे लागले. या अडचणीच्या काळातल्या दोन फिल्म्स सांगतो. दोन्ही पक्षाने काढलेल्या नाहीत, पण त्याच अंगणातल्या आहेत.

पहिली ज्याँ विगोची 'आ प्रोपो द नीस', १९३०ची, मूक. कॅमेऱ्यावर बोरिस कॉफमन, म्हणजे रशियन माहितीपटकार झिगा व्हेर्तोव्हचा सख्खा भाऊ. नीस हे श्रीमंतांचं समुद्रकाठचं शहर. हवा खायला आलेल्या माणसांना कळू नये म्हणून कॉफमनला चाकांच्या खुर्चीत बसवून, मांडीवर कॅमेरा झाकून विगो त्याला ढकलत न्यायचा. या फिल्मच्या खेळाच्या वेळी विगोने सामाजिक सिनेमाबद्दल एक भाषण दिलं आणि 'पुराव्यानिशी मांडलेला दृष्टिकोन' अशा अर्थाची कल्पना मांडली. माहितीपट तटस्थ असतो या भाबडेपणावर याहून नेमकं मी काही वाचलेलं नाही.

दुसरी फिल्म फारशी कोणी पाहत नाही, आणि मला ती जास्त आवडते. 'प्री ए प्रोफी', भाव आणि नफा. दिग्दर्शक ईव्ह आलेग्रे, साल १९३१-३२, काम करायला कवी ज्याक आणि त्याचा भाऊ पिएर हे प्रेव्हेर बंधू. ती काढायला लावली सेलेस्तँ फ्रने या शिक्षकाच्या सहकारी संस्थेने, शाळांसाठी. विषय : बटाटा. शेतकऱ्याकडून तो किती कमी भावात निघतो, प्रत्येक दलालापाशी किती फुगतो, आणि शेवटी शहरातल्या कामगाराच्या बायकोला काय भावाने पडतो. बस. कोणी भाषण करत नाही, झेंडा फडकत नाही. नाशिकच्या कांद्याचा भाव ज्याने एकदा पाहिलाय त्याला या फिल्मला सबटायटल लागणार नाही. फ्रनेची संस्था शाळांत साडेनऊ मिलिमीटरची फिल्म वापरायची. ही फिल्म मापाने लहान, प्रोजेक्टर हाताने फिरवायचा, आणि थिएटरमधल्या नायट्रेट फिल्मसारखी भुर्रकन पेट घेणारी नाही, त्यामुळे आगीच्या नियमांतला बंद कक्षही नको. राजकीय माहितीपटाचा इतिहास विचारांइतकाच फिल्मच्या मापावर चालतो, हे आमच्या धंद्यातले लोक हसत हसत म्हणतात, पण ते खरं आहे.

आता किआप परत येतो. फेब्रुवारी १९३४मध्ये पंतप्रधान दालादिएने त्याला पोलीसप्रमुखपदावरून हलवलं. उजव्या संघटनांचा तो लाडका. निमित्त मिळालं, आणि ६ फेब्रुवारीला त्या संघटना पॅरिसच्या रस्त्यांवर उतरल्या, संसदेच्या दिशेने चालून गेल्या, गोळीबार झाला, माणसं मेली. त्याला उत्तर म्हणून १२ फेब्रुवारीला सार्वत्रिक संप झाला. त्या दिवशी समाजवाद्यांचा आणि कम्युनिस्टांचा असे दोन वेगळे मोर्चे निघाले. तोवर हे दोन पक्ष एकमेकांना शिव्या देत होते. मोर्चे समोरासमोर आले, आणि लोकांनी नेत्यांची वाट न पाहता ते एकात मिसळून टाकले. तिथून 'पोप्युलर फ्रंट'ची, जन आघाडीची वाट सुरू झाली. 'स्पार्टाकसचे मित्र' बंद करणाऱ्या माणसाच्या बदलीतून अखेर कम्युनिस्टांचा खरा सिनेमा जन्मला, असं म्हणायला मला आवडतं. इतिहासकार नाक मुरडतील.

१९३५च्या अखेरीस डाव्या चित्रपटवाल्यांनी 'स्वतंत्र सिनेमाची आघाडी' उभारली. तीच १९३६मध्ये 'सिने-लिबर्ते' झाली : फिल्म काढणारी, वाटणारी, मासिक चालवणारी, सभासद करणारी संस्था. जेर्मेन द्युलाकसारखी जुनी प्रयोगशील दिग्दर्शिका तिच्यात होती, आणि दिग्दर्शक ज्याँ रेन्वारही. आणि तिच्या आरंभालाच आली ती फिल्म जिच्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

'ला व्ही ए ता नू', आयुष्य आपलं आहे. एप्रिल-मे १९३६च्या निवडणुकीसाठी पक्षाने ती काढायला लावली. पैसा सभांमध्ये झोळी फिरवून जमवला. कामगार-तंत्रज्ञ-नट बहुतेक बिनपगारी. देखरेख रेन्वारची, पण तुकडे निरनिराळ्या हातांनी काढलेले : ज्याँ-पॉल ल शानुआ, ज्याक बेकर, आंद्रे झ्वोबादा, पिएर युनिक, सहायकांत पुढे छायाचित्रकार म्हणून गाजलेला तरुण आंरी कार्तिए-ब्रेसाँ. बातमीपटांच्या जोडकामात ज्याक ब्रुनियस. आणि टेबलावर मार्गरित रेन्वार. रेन्वारची त्या काळातली सहचरी आणि त्याच्या तीसच्या दशकातल्या चित्रपटांची संकलक, कामगार घरातली आणि स्वतः कम्युनिस्ट. रेन्वार स्वतः कधी पक्षाचा सभासद झाला नाही. या फिल्मच्या राजकारणाचा उगम शोधायचा तर माझं बोट कॅमेऱ्याकडे जात नाही, संकलनाच्या टेबलाकडे जातं. संकलकाचं मत आहे, तेव्हा मिठाच्या खड्यासह घ्या.

फिल्म सुरू होते ती अगदी सरकारी माहितीपटासारखी. गव्हाची शेतं, कारखाने, फ्रान्स किती संपन्न देश आहे हे सांगणारा भारदस्त आवाज. आणि मग कॅमेरा सरकतो तेव्हा कळतं की हा आवाज एका मास्तरचा आहे आणि आपण वर्गात बसलोय. शाळा सुटते. मुलं घरी जाता जाता बोलतात, आणि त्यांच्या बोलण्यातून कळतं की घरी बाप बेकार आहे. या देशाची संपत्ती मग आहे कोणाची? फिल्म उत्तर देते : दोनशे कुटुंबांची. ही त्या काळातली गाजलेली घोषणा. 'बांक द फ्रान्स'च्या सभेत मत फक्त सर्वांत मोठ्या दोनशे भागधारकांना असे, त्यावरून ती आली.

माहितीपटाने स्वतःच्याच आवाजाची अशी खोड काढणं १९३६मध्ये सोपं नव्हतं. नव्वद वर्षांनंतरही आपण तो भारदस्त आवाज प्रत्येक सरकारी फिल्ममध्ये निमूट ऐकतो.

मग बातमीपटांची कापाकापी. हिटलर भाषण करतोय आणि त्याच्या तोंडून कुत्र्याचं भुंकणं निघतं. उजव्यांचा पुढारी कर्नल द ला रोक चालतोय, आणि तुकडे पुढे-मागे करून त्याला नाचायला लावलंय. बागेत बसलेली श्रीमंत मंडळी बंदुकीचा सराव करतायत, आणि नेमाच्या पुतळ्याच्या डोक्यावर कामगाराची टोपी आहे. बारीक काही नाही यात. पण एक गोष्ट ध्यानात घ्या : ती पात्रं त्या आठवड्यात थिएटरांतल्या खऱ्या बातमीपटांत अगदी गंभीर चेहऱ्याने दिसत होती. बातमीपट काढणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी जे चित्रण केलं, त्याचाच कच्चा माल करून त्यांच्याच तोंडावर फेकला.

त्यानंतर 'ल्युमानिते'च्या कचेरीत दैनिकाचा संचालक, म्हातारा मार्सेल काशँ, तो स्वतःच, वाचकांची पत्रं उघडतो, आणि प्रत्येक पत्रातून एक गोष्ट निघते. कारखान्यात घड्याळ हातात घेऊन फिरणारा माणूस आणि वेग न झेपल्याने कामावरून काढलेला वयस्क कामगार. शेतकऱ्याच्या घरावरची जप्ती, सामानाचा लिलाव, आणि बोली लावायला आलेल्या परक्यांना गप्प बसवून कम्युनिस्ट शेतकऱ्यांनी ते सामान क्षुल्लक किमतीत घेऊन मालकाला परत देणं. तिसरी गोष्ट बेकार इंजिनिअरची : गाड्या धुतो, तेही काम जातं, भुकेने कोसळतो, आणि ज्या हॉलमध्ये त्याला नेतात तिथे पोरं-पोरी समूहगीताची तालीम करत असतात. तिन्ही गोष्टी नटांनी केलेल्या. शेवटी खऱ्या सभेत खरे नेते, तोरेझ, द्युक्लो, वायाँ-कुत्युरिए, वस्त्रोद्योगातल्या कामगारांची पुढारी मार्था देरुमो, आणि मग आकाशाच्या पार्श्वभूमीवर चालत येणारे चेहरे आणि 'इंटरनॅशनल' हे जगभरच्या कामगार चळवळीचं गाणं.

आता सांगा, हा माहितीपट आहे का? अर्धा नाटक, पाव बातमीपट, पाव भाषण. पुस्तकातल्या व्याख्या इथे थकतात. मी मात्र पहिल्यांदा ही फिल्म पाहिली तेव्हा मला तिचा आकार ओळखीचा वाटला. आधी प्रास्ताविक, मग टिंगल, मग बतावण्या, मग पुढाऱ्याचं भाषण, शेवटी सगळ्यांनी उभं राहून म्हणायचं गाणं. हा तर कामगार वस्तीतल्या सभेचा कार्यक्रम! अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांच्या लालबावटा कलापथकाचा तंबूतला रात्रीचा खेळ ज्यांनी ऐकून का होईना माहीत करून घेतलाय, त्यांना या फिल्ममध्ये 'तुटकपणा' दिसणार नाही. पॅरिसमध्येही तेव्हा कलापथकं जोरात होती. ज्याक प्रेव्हेर ज्याच्यासाठी लिहायचा तो 'ऑक्टोबर गट' संपाच्या गेटवर जाऊन खेळ करी. फिल्मने थिएटरचं व्याकरण घेतलं नाही, सभेचं घेतलं.

आणि सभेतच ती जगली. सेन्सॉरने व्हिसा नाकारला. एप्रिल १९३६पासून ती सभासदांच्या खाजगी खेळांत फिरली, म्हणजे 'स्पार्टाकसचे मित्र' यांनी आठ वर्षांपूर्वी पाडलेल्या वाटेनेच. निवडणुकीत कम्युनिस्ट दहा-बारा जागांवरून ७२वर गेले. फिल्ममुळे गेले असं कोणी म्हणू नये. सगळ्यात झणझणीत भाग पुढचा : जन आघाडी जिंकली, तिचं सरकार आलं, ज्या सरकारला कम्युनिस्ट बाहेरून पाठिंबा देत होते, आणि तरीही फिल्मला व्हिसा मिळाला नाही. सेन्सॉरची खुर्ची बसणाऱ्यापेक्षा पक्की असते.

मे-जून १९३६मध्ये वीसेक लाख कामगार संपावर गेले, आणि कारखाने सोडून न जाता आत बसून राहिले. त्याची 'ग्रेव्ह दोक्युपासिओं' ही छोटी फिल्म सिने-लिबर्तेने काढली. फाटकावरून आत दिले जाणारे पाव, अकॉर्डियन, यंत्रांशेजारी नाच. घाईची, कच्ची फिल्म आहे. पण त्या कॅमेऱ्याला फाटकाच्या आत घेतलं होतं, आणि ते फ्रेममध्ये दिसतं : कोणी चेहरा लपवत नाही. बाहेरून झूम करून घेतलेला संप आणि आत बसून घेतलेला संप यांतला फरक शिकवायला मी वर्गात दुसरं काही दाखवत नाही.

यानंतरच्या दोन-तीन वर्षांत कामगार संघटनांना सिनेमाची चटक लागली. बांधकाम कामगारांसाठी ज्याँ एप्स्ताइनने 'ले बातिसर' काढली, धातुकामगारांसाठी ज्याक लमारने 'ले मेतालो', रेल्वेवाल्यांसाठी बोरिस पेस्किनने 'स्युर ले रूत दासिए', तिन्ही १९३८च्या. संघटनेच्या पैशातून निघाल्या, आणि बऱ्याच जागी ते जाणवतं. दवाखाना दाखवा, सुट्टीचं मैदान दाखवा, विकत घेतलेला किल्ला दाखवा. वार्षिक अहवालाला संगीत लावावं तसं. 'ले बातिसर' अपवाद. शार्त्रच्या कॅथेड्रलच्या दुरुस्तीवर, उंच परांचीवर दोन गवंडी गप्पा मारतायत, आणि त्या गप्पांतून इमारत बांधणाऱ्या हातांचा इतिहास उलगडतो. संगीत ओनेगेरचं. एप्स्ताइन हा वीसच्या दशकातला काव्यमय प्रयोगांचा दिग्दर्शक, त्याला दगडावर पडणारा उजेड कळत होता, म्हणून फिल्म संघटनेच्या यादीतून निसटते.

ल शानुआ मात्र पक्षाचा खरा फिल्मवाला होता, रेन्वारपेक्षाही. वृद्धांच्या पेन्शनसाठी 'ल ताँ दे सरीझ', १९३७मध्ये वायाँ-कुत्युरिए अचानक गेला तेव्हा त्याच्यावर चरित्रपट, स्पेनवर जोडपट. मोठं नाव नसल्याने चित्रपटाच्या इतिहासात तो कोपऱ्यात पडलाय. रेन्वारने पुढे फ्रेंच राज्यक्रांतीवरच्या 'ला मार्सेयेज'साठी दोन-दोन फ्रँकच्या कुपनांची वर्गणी काढून पाहिली, प्रेक्षक हाच निर्माता या कल्पनेवर. पुरेसे पैसे जमले नाहीत, शेवटी नेहमीसारखी कंपनी काढावी लागली. सभेसाठीच्या तासाभराच्या फिल्मला झोळी पुरते, हजारो लोकांची दृश्यं असलेल्या ऐतिहासिक चित्रपटाला पुरत नाही. क्राउडफंडिंगची स्वप्नं पाहणाऱ्यांनी हा हिशोब भिंतीवर लावून ठेवावा.

स्पेनचं यादवी युद्ध हा या मंडळींचा शेवटचा आणि सगळ्यात दुखरा विषय. फ्रान्सच्या सरकारने हस्तक्षेप न करण्याचं धोरण घेतलं, मग फिल्म्सवर मदतीचं काम येऊन पडलं. स्पॅनिश दिग्दर्शक बुन्युएल तेव्हा पॅरिसमध्ये प्रजासत्ताक स्पेनच्या वकिलातीसाठी काम करत होता, त्याच्या देखरेखीखाली ल शानुआने 'एस्पान्य १९३६' जोडली. कार्तिए-ब्रेसाँने रणांगणामागच्या वैद्यकीय मदतीवर १९३७मध्ये 'व्हिक्तुआर द ला व्ही' केली. डच दिग्दर्शक योरिस इव्हेन्सच्या स्पेनवरच्या प्रसिद्ध फिल्मच्या फ्रेंच आवृत्तीचं निवेदन रेन्वारने केलं.

आता पहिला प्रश्न. पत्रकं की सिनेमा? दोन्ही, आणि पत्रक असण्यात मला कमीपणा वाटत नाही. पण काही ठिकाणी या फिल्म्स मला बोचतात आणि ते सांगायला हवं. रशियाचं नाव निघालं की यांचा कॅमेरा प्रश्न विचारणं सोडून देतो. ऑगस्ट १९३६मध्ये मॉस्कोत जुन्या क्रांतिकारकांवर खटले सुरू झाले, त्याची सावलीही इथे पडत नाही. आणि वसाहती! फ्रान्सचं साम्राज्य तेव्हा अल्जीरियापासून व्हिएतनामपर्यंत पसरलेलं, पण १९३५नंतर पक्षाने फॅसिझमविरोधी एकजुटीसाठी तो विषय मागे सारला, आणि फिल्म्समधूनही तो गायब झाला. फ्रान्सची संपत्ती कोणाची, हे विचारणाऱ्या फिल्मला ती संपत्ती येते कुठून हे पुरतं विचारायचं नव्हतं. आपण भारतीयांनी तरी हे बघताना विसरू नये. योगायोग असा की मुंबईत बातमीपटांची आणि माहितीपटांची पायवाट पाडणाऱ्यांपैकी पी. व्ही. पथी त्याच दशकात पॅरिसमध्ये कॅमेरा शिकले, आणि पुढे गांधीजींचं चरित्र लिहिणारे दी. गो. तेंडुलकर मॉस्कोत आयझेनस्टाइनकडे. तीच साधनं, तेच गुरू, पण इकडे परतल्यावर समोर उभा राहिलेला प्रश्न त्यांच्या फ्रेंच समकालीनांच्या फिल्म्समध्ये नव्हता.

१९३९च्या आरंभी स्पेनमधून पाचेक लाख माणसं सीमा ओलांडून फ्रान्समध्ये आली आणि फ्रान्सने त्यांना आर्जलेससारख्या समुद्रकाठच्या वाळूवर काटेरी तारांत कोंडलं. ल शानुआने यावर 'अँ पप्ल आताँ' केली, एक जनता वाट पाहते आहे. इथे नेते नाहीत, मिरवणूक नाही, शेवटी गाणं म्हणायला सभाही नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, हिटलर-स्टालिन करारानंतर, पक्षावर बंदी आली. कचेऱ्यांवर धाडी पडल्या आणि रिळं इकडे-तिकडे पांगली. 'ला व्ही ए ता नू'ची प्रत पुन्हा हाती लागून ती जाहीरपणे पडद्यावर आली १९६९मध्ये, तेहतीस वर्षांनी.

बघायला सुरुवात करायची तर बटाट्याच्या फिल्मपासून करा, मग 'ला व्ही ए ता नू', आणि लगेच दुसऱ्या दिवशी 'अँ पप्ल आताँ'. 'ला व्ही ए ता नू'मधला लिलावाचा प्रसंग एकदा आवाज बंद करून पाहा. बोली लावायला आलेला परका माणूस आजूबाजूला उभ्या शेतकऱ्यांकडे बघतो आणि वर उचललेला हात हळूच खाली घेतो. फिल्मवर कोणाचंही नाव नाही, त्यामुळे तो कट नेमका कोणी दिला हे श्रेयनामावलीत शोधायला जाऊ नका. पण तो जिथे दिलाय, तिथून एक फ्रेमही मी इकडे-तिकडे करणार नाही.